रुखसारची हजेरी

कॉन्व्हेंटमध्ये सातवीला शिकवायचे तेव्हाचं सांगते. रुखसार आठवडाभर आलीच नव्हती, तरी मान खाली घालून हजेरी घेताना तिच्या नावाला रोज "प्रेझेंट मिस" यायचं. शेवटी तिची मैत्रीण, शेलारची प्राजक्ता, तिच्या नावाला ओ देताना सापडली.

"तिची आई दवाखान्यात हाय, मिस. ती धाकट्यांना सांभाळते. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देणार न्हाय!"

मी तिला प्रिन्सिपल सिस्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या, "रुखसार की छुट्टी मंज़ूर. तू झूठ बोली, कल क्लास के बाहर खड़ी रहना. सहेली के लिए बोली, शाबाश."

बाहेर येताच प्राजक्ता म्हणाली, "मिस, घरी काय सांगू? शिक्षा झाली का शाबासकी?"

दुसऱ्या दिवशी ती बाहेर उभी राहिली आणि मी दार उघडं ठेवून, जरा मोठ्यानेच शिकवलं.