सोबतीला कोण?

आमच्या आईची गंमत सांगते. आठ महिने मी एकटी फिरत होते, आणि लालबागहून आईचा रोज फोन, "सोबतीला कोण आहे?" कोणी नाही म्हटलं की रडायची. शेवटी कंटाळून शिलाँगहून सांगितलं, "एक बाई आहे गं, माझ्याच वयाची. आधी फार घाबरट होती, आता सुधारलीय."

आईचं रडणं थांबलं. म्हणाली, "जप हो तिला."

मी परत आले तर आईची बॅग भरलेली. कुडाळला, माहेरी निघाली होती. भायखळ्याच्या पुढे कधी एकटी गेली नव्हती. माझ्या तोंडून निघालंच, "सोबतीला कोण आहे?"

"आहे एक बाई," आई चप्पल घालत म्हणाली, "माझ्याच वयाची. घाबरट आहे जरा. पण तुझी सुधारली ना?"