आठवं पान

रुपाली : थैली खाली ठेवा ना दीपाताई. पाणीबी तसंच हाय. आल्यापासून नुसत्या बसून राह्यल्या.

दीपा : राहू द्या वयनी. मांडीवरच बरी हाय.

रुपाली : फुलसावंगीहून दोन गाड्या बदलून केळापूरले आल्या, त्याबी एकट्या. लग्न चार दिवसांवर. नवरदेवाची बहीण असं तोंड पाडून येते का कोणाच्या घरी?

दीपा : सांगाले म्हणूनच आली. पण तोंडच उघडून नाही राह्यलं माह्यं.

रुपाली : मंग मीच सांगते. लग्न मोडलं ना?

दीपा : अवो!

रुपाली : तांड्यातल्या बिजलीबाईच्या पोरीचं असंच झालं. कापूस गेला, पोराकडचे म्हणे यंदा जमत नाही. थे सांगालेबी नणदच आलती. तुमच्या भावाचा आठ दिवसांत एक फोन नाही. तुम्ही दिसल्या तसे माहे बाबा ओट्यावर जाऊन बसले. घरात यायाची हिंमत नाही त्यांची. मांडववाला दोनदा येऊन गेला, त्याले म्हणते, थांब जरा.

दीपा : अवो, प्रफुल्लदादा कापूस घेऊन सरकारी खरेदी केंद्रावर हाय! आठ दिवस झाले, बैलबंडीखालीच झोपते. त्याचा नंबरच लागून नाही राह्यला. तिथं रेंज नाही, फोन कराले दूर गेला तं मागचा बंडी पुढं घालते. हळदीले तरी सोडा म्हणून रोज भांडते तिथल्या बाबूसंग.

रुपाली : मंजे... मोडलं नाही?

दीपा : कोण म्हणते मोडलं? माय तं पाहुण्यांचे गहू निवडून राह्यली घरी!

रुपाली : खरंच?

दीपा : तुमची शप्पथ वयनी.

रुपाली : थांबा. जरा थांबा बाई... आठ दिवस झाले, भाकर गोड नाही लागली मले. मंग तुम्ही कायले अशा बसल्या, कोणी मेल्यासारख्या?

दीपा : साडीपायी.

रुपाली : कोणत्या साडीपायी?

दीपा : तुमच्या. लग्नाची पांढरी, आमच्याकडून येते थे. माय म्हणे, पांढरी हाय तं पांढरीच राहू दे. पण माह्याच अंगात आलं. डायमंडचे खडे आणले, काठावर पिंपळाचे पानं काढले, सात. त्या खड्याच्या मागं गोंद राहते. वरून गरम दाबलं का चिकटते.

रुपाली : मंग?

दीपा : आमच्याकडं दिवसा लाईट कुठं राहते? इस्तरी नुसती खुंटीवर. म्हणून पितळी तांब्यात निखारे भरले अन् त्यानंच दाबत गेली. दादाचे शर्ट तसेच करतो आम्ही. सहा पानं असे झाले वयनी, पाहत राहा! सातव्याले निखारे निवले. बाभळीचं लाकूड संपलं होतं. चुलीत पऱ्हाटी होती, कापसाच्या वाळल्या काड्या, थेच भरली.

रुपाली : पऱ्हाटी? थे तडतडते ना बाई!

दीपा : आता सांगून राह्यल्या तुम्ही! उडाली ना ठिणगी. थैलीत थेच साडी हाय, हे पाहा.

रुपाली : अगो बाई. बोट जाते की आरपार.

दीपा : बरोबर खांद्यावर येते. सारं गाव तिथंच पाहीन. मायले अजून माहीत नाही. म्हटलं, पहिले तुम्हाले दाखवावं. आत्ता काय बोलाचं थे बोला, पण लग्नात तोंड नका फुगवू.

रुपाली : [हसता हसता डोळे पुसत] भोक पडलं! नुसतं भोक पडलं! बाबा, ओ बाबा! घरात या!

गोविंदा : जयभीम ताई. काहून रडून राह्यली व रुपा?

रुपाली : साडीले भोक पडलं बाबा.

गोविंदा : अन्?

रुपाली : अन् काही नाही.

गोविंदा : अन् लग्न?

दीपा : लग्न हाय काकाजी, ठरल्या दिवशीच. दादा केंद्रावरून नाही सुटला तं बंडीसकट घेऊन येऊ त्याले.

गोविंदा : बसतो जरा मी.

रुपाली : दीपाताई, खडे उरले का?

दीपा : डबीभर हायेत. संगंच आणले.

रुपाली : मंग इथं आठवं पान काढा. भोकाच्या मागून पांढऱ्या कपड्याचा तुकडा ठेवू.

दीपा : सारे पानं काठावर अन् हे एकटंच खांद्यावर? लोक इचारतीन ना.

रुपाली : इचारू द्या. सांगीन, वाऱ्यानं उडून आलं.

दीपा : अन् माय? माय तं पानं पाहूनच पेटते.

रुपाली : मामींले मी सांगीन, माह्याच हट्टापायी लावले म्हणून. नव्या सुनेले पहिल्या दिवशी कोण बोलते? घ्या, हा तांब्या. चुलीत बाभळीचेच निखारे हायेत. अन् आता तरी मधात फडकं ठेवा, माहे माय!

दीपा : तुम्हीच दाबा वयनी. मी साडी ताणून धरीन.

रुपाली : द्या इकडं. किती वेळ?

दीपा : वीस मोजा. जोर लावा... उचला आता. चिकटलं?

रुपाली : नखानं ओढून पाहा.

दीपा : नाही निघत! वयनी, नाही निघत!

रुपाली : पाहा बाबा, कुठं होतं भोक?

गोविंदा : मले तं पानच दिसते. माह्या चपला कुठं हायेत?

रुपाली : आता कुठं चालले? जेवून घ्या. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या.

गोविंदा : येतोच. मांडववाल्याले सांगून येतो, बल्ल्या-बांबू घेऊन ये म्हणून.