आइसलँडचा सिनेमा आणि काकांचं इंटरव्हल

आमच्या सुधाकरकाकांनी आइसलँडचा सिनेमा मध्येच बंद पाडला, ते सांगितलं का तुम्हाला? एटीजमधली गोष्ट, इथल्या अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या लायब्ररीतली. तिथल्या फिल्म क्लबचा प्रोजेक्टर बिघडला, म्हणून त्यांनी आमच्या मराठी मंडळाचा मागून नेला. प्रोजेक्टरला दुसऱ्या कुणी हात लावलेला काकांना चालायचा नाही, त्यामुळे काकूंना घेऊन तेही गेले. दिग्दर्शक स्वतः आइसलँडहून आलेला.

पडद्यावर म्हातारा बर्फात मेंढी शोधतोय, आणि काकांनी मशीन थांबवून लाइट लावले. क्लबची प्रेसिडेंट धावत आली. "काय बिघडलं?"

"काही नाही. इंटरव्हल."

काकूंनी तोवर बटाटेवड्यांचा डबा उघडलाही होता. ती बाई लाजेनं लाल झाली आणि दिग्दर्शकाची माफी मागायला लागली. तो मात्र वडा घेऊन म्हणाला, "आमच्या देशात थिएटरमध्ये इंटरव्हल असतंच. सगळी अमेरिका फिरलो, पण कुणी दिलं नाही. आमची इंडस्ट्री एवढीशी आहे, की इंटरव्हलला कॉफीसुद्धा मीच विकतो."

काकांनी चहाचा थर्मास त्याच्या हातात दिला. "मग उभा काय राहिलास? मागच्या दोन रांगा राहिल्यात."