लाकडाच्या दुकानावरची वकिलाची पाटी

आमच्या लकडगंजच्या सागवानाच्या दुकानावर वकिलाची पाटी काहून आहे, इचारलं न तू? चहा घे, सांगतो.

इमर्जन्सी उठली, त्या साली घरमालकानं आमच्या बाबावर दुकान खाली करायचा दावा ठोकला. मालक तालेवार, म्हणून कोणताच वकील केस घेऊन नव्हता राहिला. शेंडे वकिलानं घेतली. अन् गंमत पाय, त्यायच्या ऑफिसची खोलीही त्याच मालकाची! त्यानं निरोप धाडला, "केस सोडा, नाहीतर खोली सोडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात हातठेला थांबला. वर टेबल अन् कायद्याची जाडजूड पुस्तकं, मागं काळ्या कोटात शेंडे वकील.

"भाऊ, खोली सोडली. स्वतःची केस लढत बसलो असतो, तं तुमची मागं पडली असती. हे कुठं ठेवू?"

बाबानं फळ्या सरकवल्या. "ठेवा साहेब. भाडं नाही मागत."

"मागूच नका! भाडं घेतलं तं पोटभाडेकरू ठेवला म्हणून उद्याच हारसान."

केस आपण जिंकलो. बाबा पेढे घेऊन त्यायच्या टेबलापाशी गेले, हात जोडले, फी इचारली.

वकीलसाहेबानं पुस्तकावरचा लाकडाचा भुसा फुंकला. "फी कशाची घेऊ भाऊ? मी तं माह्यं ऑफिस वाचवलं."