चाक उघडायचं राहिलं

वहिनी : तोंड उघडा भाऊजी. दोनच घास झालेत.

दीर : पुरे. कारखान्याला आग लागल्यापासून तुम्ही माझ्याकडे बघून बोललाच नाहीत. घास भरवता, पण नजर खिडकीबाहेर.

वहिनी : तुमचे हात बघवत नाहीत मला.

दीर : डॉक्टर म्हणतात, बोटं वाचतील. कात्री धरता येईल की नाही, ते पुढचं पुढे. शिवणाच्या पोरी सुखरूप बाहेर पडल्या ना? मग झालं.

वहिनी : झालं कसं? छतातले आग विझवायचे फवारे फुटले आणि पाण्याचा टिपूस नाही. पाणी आलं असतं तर जळत्या ताग्यांना हात घालायची वेळ आली असती का तुमच्यावर?

दीर : फवाऱ्यांच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद होता म्हणे.

वहिनी : मी बंद केला होता.

दीर : ठाऊक आहे. वरून ठिबकतंय, कापड डागाळतंय, म्हणून मीच तर तुमच्या मागे लागलो होतो.

वहिनी : तुम्ही गळती सांगितलीत, त्यात काय चुकलं? पाणी बंद केलं, सांध्याला नवं पॅकिंग घातलं. तेवढ्यात इस्त्रीचा बॉयलर अडला म्हणून बोलावणं आलं, आणि व्हॉल्व्हचं चाक उघडायचं राहिलं. फिटर म्हणवते स्वतःला!

दीर : आगीच्या दिवशी सकाळी पंपाच्या खोलीवरून गेलो तेव्हा दार उघडं होतं. व्हॉल्व्ह उघडा असला की चाकातून दांडा वर आलेला दिसतो, तुम्हीच दाखवलं होतंत. तो आत होता. म्हटलं, वहिनींना सांगावं. मग वाटलं, ठिबकणं थांबलंय ना, कशाला नसती कटकट.

वहिनी : मग चौकशीत का नाही बोललात?

दीर : दादाचं अंथरूण सुटत नाही, घर तुमच्या पगारावर चाललंय. कसा बोलणार? पण तुम्ही?

वहिनी : जीभ रेटली नाही. उघडाच ठेवला होता, असं सांगून मोकळी झाले.

रखवालदार : येऊ का मास्तर? बाईपण आहेत, बरं झालं. माफी मागायला आलोय.

दीर : कसली माफी, काका?

रखवालदार : कामावर येऊ नका म्हणालेत मला. पंपाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे, चाक रोज पुसतो मी. पुसता पुसता फिरलं असेल का हो बाई?

वहिनी : पुसून नाही फिरत ते. दोन्ही हातांनी जोर लावून फेरे द्यावे लागतात.

रखवालदार : मीही तेच म्हणत होतो. पण जो तो विचारायला लागला की माणसाचा स्वतःवरचाच भरवसा उडतो. शेवटी घरी सांगून टाकलं, माझ्याच हातून झालं असेल. लेक शिवणातच आहे, त्या आगीतून बाहेर आलेली. ताट वाढते, पण बोलत नाही.

वहिनी : काका, मी बंद केला. उघडायला विसरले. आणि विचारलं तेव्हा खोटं बोलले.

दीर : मी बघूनही गप्प बसलो.

रखवालदार : (खुर्चीचा हात चाचपत खाली बसतो) म्हणजे मी नाही.

वहिनी : तुम्ही नाही. आत्ता कारखान्यात जाते, साहेबांपुढे सगळं सांगते. नोकरी जाईल तर जाऊ दे.

रखवालदार : कारखान्यात नंतर जा. आधी माझ्या घरी चला. माझ्या लेकीला सांगा.

वहिनी : चला, उठले.

रखवालदार : बसा. मास्तरांचं जेवण होऊ द्या. मी दाराशी थांबतो.