लंगवर्टचा सातवा ठोंब

— मेला? पुन्हा मेला? कमाल आहे बाई तुमची, ताउनो! सहा वर्षं, सहा ठोंब, आणि सहाच्या सहा गेले? अहो, लंगवर्ट आहे ते, राजवाड्यातला गुलाब नव्हे. उणे पस्तीसात बर्फाखाली झोपतं, बर्फ पुरता वितळायच्या आत फुलतं — आधी गुलाबी, मग निळं — आणि स्प्रूसच्या झाडांच्या काळोख्या सावलीत, जिथे गवतसुद्धा धरत नाही, तिथे हातपाय पसरतं. माझ्या नवऱ्यानं, ओइवानं, जाण्याआधी एकच लावला होता. आता घराच्या उत्तरेच्या भिंतीपासून पार विहिरीपर्यंत जमीन दिसते का कुठे? नाही दिसत. आणि तुमच्या हातून मरतं! बसा. त्या पायरीवर बसा, आणि हा वेलदोड्याचा पाव घ्या, सकाळीच भाजलाय — तुमच्यासाठी नाही हो, असाच. जूनचा दुसरा शनिवार, तुमचा दरवर्षीचा यायचा दिवस आहे म्हणून तर मुळीच नाही.

तर यंदा कशानं मेला? थांबा, सांगू नका, तुम्हाला कष्ट होतील. तुमची बायको, बिचारी एल्वी, वारली त्याच्या पुढच्या जूनमध्ये पहिला नेलात, तो उंदरांनी खाल्ला. दुसरा थंडीनं गेला — हा! थंडीनं म्हणे! तिसऱ्यावर छपराचा बर्फ कोसळला, चौथा एल्क हरणानं तुडवला, पाचव्याला तुम्ही नुसते खांदे उडवलेत आणि आज सहाव्याला तेवढेही नाही. मी मात्र दर वर्षी तेच पुराण लावते — फुलं सरली की पानं जमिनीलगत छाटा, मग फोडा, मुळं सुकू देऊ नका, पहिला महिना पाणी घाला. तुम्ही मान हलवता. कॉफी पिता. पुन्हा मान हलवता. आणि ठोंब घेऊन निघता, एक अक्षर न बोलता — तेवढं मात्र बरोबर करता हं, रोप घेताना आभार मानायचे नाहीत, मानले तर रोप जगत नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. तुम्हाला तर आयतीच सोय झाली! सबंध गावात तुमच्या इतका कोणी हा नियम पाळत नसेल — रोप असो नसो.

सरका जरा, तो कडेचा खणते. हा बघा, चांगला जाडजूड आहे. उन्हात मात्र ठेवू नका, भर उन्हात मान टाकतं ते — माझ्यासारखंच. मिर्यानं तिकडे शहरात, ओउलूला, माझ्यासाठी फ्लॅट पाहिलाय, सांगितलं का मी? चौथा मजला, दक्षिणेची बाल्कनी. ‘आई, दिवसभर ऊन!’ असं सांगत होती, जसं काही बक्षीसच लागलंय. चांगली आहे हो पोरगी, माझी काळजी करते. हिवाळ्यात मी इथे एकटी बर्फ उपसत बसते ते तिला बघवत नाही. आज तीनला फोन करणार आहे, हो की नाही ते सांगायचंय. हो म्हणेन बहुतेक. नाही म्हणायला काही कारण पाहिजे ना? राहा म्हणणारं कोणी असतं तर गोष्ट वेगळी. कोणी म्हणजे — कोणीही हो. टपालवाला म्हणाला तरी चालेल.

जाऊ दे. हा तुमच्या सॉनाच्या मागेच लावा, ती जागा उत्तम आहे, ओलसर, संध्याकाळपर्यंत ऊन नाही, डाव्या कोपऱ्यात अजून एकाची सोय —

मला कसं ठाऊक? ... भुंगे. भुंग्यांनी सांगितलं. अहो, मे महिन्यात दुसरं काही फुललेलं नसताना ते केसाळ धटिंगण माझ्या वाफ्यातून उठायचे आणि कुंपणावरून सरळ तुमच्याकडे. म्हटलं, ताउनोकडे तर सगळं मेलंय, मग हे जातात कुणाच्या पाहुणचाराला? म्हणून गेले बघायला. तुम्ही तळ्यावर होतात. हो, गेले मागच्या फाटकातून, चोरासारखी, या वयात! आणि तिथे सहा ठोंब, एका ओळीत, निळेगार. प्रत्येकाशी बर्चची काडी, चाकूनं सपाट केलेली, तिच्यावर पेन्सिलीनं वर्ष, आणि वर्षाखाली माझं नाव, साइमी. साइमी, साइमी, साइमी — सहा वेळा. ओइवा भला माणूस होता, पण उभ्या संसारात त्यानं माझं नाव कशावर लिहिलं नाही. मला रडू आलं, ताउनो. आता सांगतेच आहे तर सांगते, तिथेच ओल्या गवतात बसून रडले. आणि मग घरी येऊन महिनाभर वाट पाहिली, की यंदा हा माणूस काय थाप मारतो.

नका, तोंड फिरवू नका. घ्या हा ठोंब. बुटांकडे काय बघताय? मी काही विचारत नाही तुम्हाला. तीन वाजायला आले —

काय? काय म्हणालात? ... ‘आभारी आहे’? ताउनो! जीभ आवरा! सत्तरी उलटली आणि आता हा शब्द सापडला? मेला ना हा! गेलाच समजा! मुळं धरायची नाहीत आता, पुढच्या जूनला तुम्हाला पुन्हा यावं लागेल, आणि द्यायला मी इथे — पुन्हा म्हणालात! अहो, मुद्दाम म्हणताय? मुद्दामच म्हणताय! कान बघा कसे लाल झालेत —

थांबा, हा फोन. ॲप्रनच्या खिशातच आहे, तुम्ही पाव खा. हॅलो, मिर्या? ... नाही गं. नाही यायची मी. ... कारण काय म्हणजे? पुढच्या जूनला इथे एका रोपाची गरज पडणार आहे. ... इथे? इथे कोणी नाही गं. टपालवाला आहे.