पात्याखालचा शेंदूर

मगनशेठ : दोधू, दांड्यावरून हात काढ.

दोधू मिस्तरी : नही काढस.

मगनशेठ : अरे, मुहूर्त टळतोय! साहेब आत माझ्या खुर्चीत चहा पितोय. लष्कराच्या खोक्यांच्या फळ्या एकसारख्या जाडीच्या निघतात की नाही, ते त्याला डोळ्यांनी बघायचंय. बघितल्याशिवाय ठेक्यावर सही नाही. आणि दोनच्या गाडीनं तो जाणार.

दोधू मिस्तरी : जाऊ द्या त्याले. मी हाऊ दांडा ढकला त पट्टा मोकळ्या चाकवरतून भरल्या चाकवर जाई, नि कटर फिराले लागी. ते आते फिरणार नही.

(नंदुरबार स्टेशनामागची लाकडाची गिरणी, लढाईची वर्षं. सुरतेहून आलेलं नवं इंजिन धडधडतंय, पण फळ्या रंधायचं यंत्र अजून थांबलेलं आहे. त्याच्या तोंडाशी फळी घेऊन उभ्या असलेल्या भटूला यातलं काही ऐकू जात नाही.)

मगनशेठ : काल सांजेला तूच म्हणालास ना, नवं गोल कटर बसलं, आता लोण्यासारखं लाकूड सोलेल?

दोधू मिस्तरी : काल मी बसाडं ते कोरडं व्हतं. तिन्ही पाती पुसी, बैठक पुसी, धूळना कण बी ऱ्हाऊ दिधा नही, मंग बोल्ट आवळात. आज उनू नि दखं, त पात्यानी फटमाईन लाल वघळ. शेंदूर! नि शेंदूर कसामा खलतस, शेठ? तेलमा.

मगनशेठ : मग? आईनं पहाटे पूजा केली. नव्या यंत्राची पूजा करायची नाही का?

दोधू मिस्तरी : वरून करा, दिवसमा दहादाव करा. पण पातं काढी त्याना खाले शेंदूर कोनी चोपडा? भटूले इचारं मी. त्यानी सांगं, मोठ्या मायना हुकूम व्हता. पाती काढी, शेंदूर लावा, परत बसाडी.

मगनशेठ : आणि पक्की आवळली. भटूच्या मनगटात रेड्याचा जोर आहे.

दोधू मिस्तरी : जोर कितला बी ऱ्हाऊ द्या. तेल शे तठे पकड नही. सुरतना फिटर काय सांगी गया? बैठक कोरडी पाहिजे. तीनदाव सांगं. जुनं चौकोनी कटर मिनिटले दोन हजार फेरा मारे. नवं इंजन याले चार हजार फिरावी. पातं निसटनं त बंदूकनी गोयी परीस वाईट. नि समोर कोन उभा शे? मन्हा जावई.

मगनशेठ : भटू तयार आहे. मी विचारलं त्याला.

दोधू मिस्तरी : तो तुम्हले काय सांगी? त्याना बाप तुम्हना वावरमा मरना, तो तुम्हनी गिरणीमा शे. त्याले 'नही' हाऊ शबद कोनी शिकाडाच नही. मुहूर्त तुम्हना, शेठ. मान कोनी?

मगनशेठ : कुणापुढं बोलतोयस, भान आहे?

दोधू मिस्तरी : शे ना. पंधरा वरीस अगोदर मन्ही तीन बोटे कटरमा गयात, तवय ज्यानी सांगं, 'फळी पुरी होऊ दे, मग थांबवा', त्यानापुढे बोली ऱ्हायनू.

मगनशेठ : ते अजून धरून बसलायस?

दोधू मिस्तरी : धराले बोटे कोठे शेतस? दोनच ऱ्हायनात. त्याच दोनवर हाऊ दांडा धरेल शे. माणूस गया त तुम्हले दुसरा मियस. इंजन सुरतथीन आननं पडस, म्हणून त्याले रातले गोणपाट पांघरतस.

तापीबाई : काय चालनं शे? नारळ धरी-धरी मन्हा हात दुखाले लागना. मगन, कसानी वाट दखी ऱ्हायना?

मगनशेठ : आई, तूच समजाव. हा म्हणतो, कटर उघडायचं आणि तू लावलेला शेंदूर पुसायचा.

तापीबाई : दोधू, तुले येड लागनं का? देवीले चढाएल शेंदूर कोनी पुसस? बसेल घर उठी जाई.

दोधू मिस्तरी : माय, बाहेरना ऱ्हाऊ द्या. पात्याखालना पुसना शे.

तापीबाई : बाहेरना काय कामना? तो पहिल्याच फेऱ्याले उडी जास. जुन्या कटरले मी बाहेरूनच लावेल व्हता. सकायले लावा, नि सांजले तुन्हा हात गया. पंधरा वरीस मन्हा मनमा एकच, शेंदूर उडना नि देवी निंघी गयी. म्हणून या दाव भटूले सांगं, पाती काढ, पोटमा लाव. कोठे उडाले नको.

दोधू मिस्तरी : ...मन्हा हातसाठे?

तापीबाई : नही त कोनासाठे? आते तठे भटू उभा ऱ्हास. तुन्ही आंडेर, भटूनी बायको, मन्हा डोयासमोर मोठी व्हयनी. तिना दोन लेकरे शेतस.

मगनशेठ : साहेब उठला. दारात येऊन घड्याळ बघतोय. दोधू, शेवटचं सांगतो. नाहीतर गडी बोलावून तुला उचलायला लावीन.

दोधू मिस्तरी : बलावा. दोन मिनिट लागतीस त्यासले. तवलग... माय, तुम्हना हातले तेल शे अजून?

तापीबाई : शे ना. दख, कोपरलगून लाल शे.

दोधू मिस्तरी : मन्हा हात धरा.

तापीबाई : कोनता? हाऊ? तुटेल?

दोधू मिस्तरी : हाऊच. मनगटमा धरा. तुम्ही बोल्ट, मी पातं. दोन्ही हातनी धरा, जितला जोर शे तितला.

मगनशेठ : काय पोरखेळ लावलाय? आई, हात सोड त्याचा!

तापीबाई : तू गप. हाऊ धरा मी, दोधू.

दोधू मिस्तरी : देवीनं नाव ल्या नि धरा. कितलं बी व्हवो, सोडू नका.

तापीबाई : नही सोडस.

दोधू मिस्तरी : आते मी ओढस.

तापीबाई : थांब, निसटना. परत. मी बेसावध व्हती.

दोधू मिस्तरी : धरा परत.

तापीबाई : परत निसटना!

दोधू मिस्तरी : मी त हळूच ओढा, माय.

तापीबाई : मगन, इंजन बंद कर.

मगनशेठ : आई, साहेब थांबायचा नाही. ठेका दोंडाईच्याच्या गिरणीला जाईल.

तापीबाई : मी जीव लाई धरेल व्हतं, दीकरा. नाव लेत व्हती नि धरेल व्हतं. तरी निसटना. बंद कर.

मगनशेठ : आणि साहेबाला काय सांगू?

तापीबाई : सांग, म्हातारीनी शेंदूर चुकना जागावर लावा. दोन वाजाना अगोदर जमनं त दखाडू. नही त त्यानी गाडी त्याले, नि आम्हना माणूस आम्हले.

दोधू मिस्तरी : हां, शेठनी बंद करं. थांबनं. आते कान मोकळा व्हयनात... भटू! फळी ठेव खाले. पाना दे नि घासलेट आन. तू तठे नको, मन्हामांगे उभा ऱ्हा. शेठ, जाऊ नका. हाई दखी जा. बोल्ट अर्धा फेराच ढिला करा मी.

मगनशेठ : बघतोय.

दोधू मिस्तरी : पातं आपसूक बाहेर उनं. काल कोरडं व्हतं तवय सारखं बसाडाले परत काढतांना लाकडी हातोडीनी ठोकनं पडनं व्हतं.

मगनशेठ : ...साहेबाला बसवतो मी. अजून चहा सांगतो.

दोधू मिस्तरी : माय, तुम्ही कसाले खाले बसन्यात? भटू पुसस ना.

तापीबाई : फडकं इकडे दे. मी लावा, मीच पुसस. देवीले काय सांगना शे ते मी सांगी लेसू.

दोधू मिस्तरी : त मंग हळू पुसा, माय. नवी धार शे.